ओळीला ओ

शिकागो,
९ एप्रिल १९७४

प्रिय भगिनी ओझेला यांस,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमची तार वेळेवर पोहोचली होती. लेम्युएलच्या मातीला तुम्ही आला नाहीत, त्याचा राग मी धरलेला नाही. फेब्रुवारीतली आमची थंडी, त्यात मिसिसिपीहून इतका लांबचा बसचा प्रवास. मंडळीतल्या बायकांनी विचारलं, "एकुलती एक बहीण, तीही आली नाही?" मी सांगितलं, त्यांची तब्येत बरी नसते. खोटं बोलले. त्याची क्षमा प्रभूकडे मागून घेतली आहे.

पत्राचं कारण निराळं. त्याच्या कपाटातून एक्केचाळीस रेकॉर्ड निघाल्या, सगळ्या त्याच्याच. माझ्या घरात सैतानाचं गाणं वाजणार नाही ही लग्नातली माझी अट होती आणि सव्वीस वर्षं त्याने ती पाळली. बाहेर मात्र हा माणूस वर्षाला दोन-दोन अल्बम काढत होता. करार एका कंपनीशी, म्हणून बाकीच्यांसाठी खोट्या नावांनी गायचा. कव्हरवर भलत्याच कुणाचा फोटो आणि आत आवाज आमच्या लेम्युएलचा. आधी ब्लूज, ब्लूजचे दिवस फिरल्यावर सोल, मधे जॅझवाल्यांबरोबर तीन. मी त्या सालाप्रमाणे लावून वहीत उतरवून ठेवल्या आहेत.

पाळकसाहेबांची बायको म्हणाली, "भगिनी टार्पली, जाळून टाका, मोकळ्या व्हा." पण धड वस्तू जाळणं माझ्याच्याने होत नाही, आणि आत काय आहे ते न बघता दुसऱ्याच्या गळ्यात घालणंही बरं नाही. म्हणून काल सकाळी इस्त्री करता करता पहिली लावली, १९५२ची. नऊ गाणी मी मनातल्या मनात क्षमा मागत ऐकली. दहावं लागलं आणि मी इस्त्री उभी करून ठेवली.

त्यात गिटार नव्हती, ढोल नव्हता, काही नव्हतं. फक्त तो. देवळात उपासना चालवणारा डीकन टाकतो तशी त्याने स्तोत्राची ओळ टाकली, "वाट लांब, प्रभू, आणि दिवस कलला." आणि थांबला.

गुलामगिरीत आपल्या लोकांना वाचता येत नव्हतं, पुस्तकं नव्हती, तेव्हापासूनची ही रीत. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी ती उचलायची आणि श्वास पुरेल तितकी लांबवायची. टाकलेली ओळ कुणी उचलली नाही तर टाकणाऱ्याचा भर देवळात अपमान. मी जन्मात कधी ओळ खाली पडू दिलेली नाही. इस्त्रीच्या टेबलामागून माझ्या तोंडून ती आपोआप निघाली. माझा श्वास संपला आणि बरोबर त्याच क्षणी त्याने दुसरी टाकली. मग तिसरी. मग चौथी.

माझा श्वास किती पुरतो हे त्याला बावीस वर्षांपूर्वी कसं कळलं असेल, याचं मला कालपासून नवल वाटतं आहे.

तुम्हाला यातल्या कोणत्या हव्यात ते कळवा. पार्सल करीन.

तुमची भावजय,
व्हर्लीन टार्पली

---

शिलो बेंड, मिसिसिपी,
२० एप्रिल

व्हर्लीन,

माझ्यापायी खोटं बोलायची गरज नव्हती. मी ठणठणीत आहे. आले नाही कारण मला यायचं नव्हतं. बायकांना तसंच सांगायचं होतं.

मी आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं रांधते आणि रविवारी पांढरे हातमोजे घालून देवळाच्या दारात उभी राहते. लोकांना जागा दाखवते, उन्हाळ्यात पंखे वाटते. गात नाही. नवा पाळक आला की विचारतोच, "भगिनी ओझेला, सगळे गातात, तुम्ही का गप्प?" मी म्हणते, "साहेब, सगळेच गायला लागले तर दार कोण सांभाळणार?"

रेकॉर्ड मला नकोत. एकही नको. पाळकीणबाई म्हणतात ते करा. हात थरथरत असतील तर शेजारणीकडून काडी ओढवून घ्या.

आणि रेकॉर्डला कुणी ओ देतं का हो? कापूस वेचताना कुणी नावाने हाक मारली आणि ओळीत माणूस दिसला नाही, तर आई आम्हाला ओ देऊ द्यायची नाही. रुमालाचं टोक दातांत धरून उभं करायची. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला हसू येईल. येऊ दे. पण पुन्हा ते करू नका.

ओझेला

---

शिकागो,
६ मे

प्रिय भगिनी ओझेला,

तुमच्या आईंविषयी मला आदर आहे, पण हाक वेगळी आणि देवाचं स्तोत्र वेगळं. शिवाय तो काही माझं नाव घेत नाही.

आजपर्यंत माझ्या एकोणीस झाल्या. प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी तेच स्तोत्र, त्याच चार ओळी. कंपन्या बदलल्या, त्याची नावं बदलली, पाठीमागे आधी एक गिटार होती तिथे अकरा-अकरा वाजवणारे आले, पण शेवटचं गाणं ते नि तेच. त्याच्यासोबत पियानो वाजवणाऱ्याला मी देवळाबाहेर गाठून विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, तो त्याचा हट्ट होता. आम्हाला बाहेर घालवायचा आणि एकटा उभा राहायचा. मधे मधे काहीच नसायचं, नुसती शांतता. कंपनीचे साहेब लोक ओरडायचे, एवढी रिकामी जागा कोण विकत घेणार? तो म्हणायचा, मग राहिलेली नऊ गाणीही नका घेऊ."

आता मी तुम्हाला एक सांगते, ते दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मागच्या बुधवारी मी मुद्दाम गप्प राहिले. घड्याळ समोर ठेवलं. त्याने ओळ टाकली आणि मी ओठ घट्ट मिटून बसले. एक मिनिट गेलं, चार गेली. रेकॉर्ड फिरते आहे, सुई तिथल्या तिथे, आणि खरखरीतून त्याचं श्वास घेणं ऐकू येतंय. अकराव्या मिनिटाला मला राहवलं नाही. मी उचलली, आणि सुई पुढे सरकली.

सव्वीस वर्षं त्या माणसाने माझ्याशी "जरा मीठ दे" यापलीकडे बोलणं केलं नाही, ओझेला. वाईट वागला नाही, हात उगारला नाही, नुसता नसायचा. आता तो अकरा मिनिटं माझी वाट बघतो.

खालच्या मजल्यावरची ब्यूला पेटिग्रू परवा तिची स्वतःची रेकॉर्ड घेऊन वर आली. आठ वर्षांपूर्वी दुकानातून घेतलेली.

"काय गं, तू स्टुडिओत कधी जाऊन आलीस? आणि आम्हाला रविवारी सांगतेस, हे गाणं सैतानाचं!"

"मी? मी स्टुडिओचं दारसुद्धा पाहिलेलं नाही."

"मग ही कोण? तुझी सवत?"

तिने लावली. त्याने ओळ टाकली आणि बाईच्या आवाजात कुणीतरी ती उचलली. मी होते. "दिवस"वर माझा सूर जरा खाली येतो, तोसुद्धा तसाच आलेला. ब्यूला म्हणते, पूर्वी इथे काही नव्हतं, तिला वाटलं आपल्याच कानात काहीतरी मळ साठला असेल.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. थोडा घसा बसला आहे, डॉक्टर म्हणतात फार गाता.

व्हर्लीन

---

शिलो बेंड,
१४ मे

व्हर्लीन,

पत्र मिळालं त्याच दिवशी टॉमी रूथच्या केस कापायच्या दुकानात गेले. तिच्याकडे त्याची एक रेकॉर्ड आहे हे मला ठाऊक होतं. तिथून जाताना मी नेहमी रस्ता ओलांडते.

टॉमी रूथ म्हणाली, "अगं, तू? छत पडेल आता."

मी म्हटलं, "शेवटचं गाणं लाव आणि कात्री थांबव."

लावलं. तुझा आवाज मी एकदाच ऐकलाय, तो गेल्याचं सांगायला तू फोन केलास तेव्हा. तरी ओळखला. टॉमी रूथची खुर्चीत बसलेली गिऱ्हाईक डोळे पुसायला लागली. व्हर्लीन, मला रडू आलं नाही. तू लिहितेस की तुझा घसा बसला आहे. इथे रेकॉर्डवर तो बसलेला नाही. स्वच्छ आहे, तरण्या बाईसारखा. तू उचललेली प्रत्येक ओळ तुझ्याकडून निघून तिकडे जाऊन राहते आहे. परत येत नाही.

बंद कर. मी तुला अगंतुगं करते आहे, त्याचा राग मान, पण बंद कर.

ती जागा तुझ्यासाठी सोडलेली नाही.

ओझेला

---

शिकागो,
२७ मे

ओझेला,

माझ्यासाठी नाही, तर कुणासाठी? नाव सांग. बाई असेल तर तेही सांग. पन्नाशीला आलेल्या बाईला आता कशाचा धक्का बसतो? दौऱ्यावर गेलेल्या पुरुषांचं काय काय असतं ते मी जाणून आहे. त्याच्या कोटात कधी दुसरीचा केस सापडला नाही, तेव्हा मला वाटायचं, हा काळजी घेतो. आता कळतंय, ती सगळी जागा त्याने गाण्यात राखून ठेवली होती.

माझा आवाज गेला आहे. काल देवळात मी सूचना वाचायला उभी राहिले, ते काम मी सतरा वर्षं करते, आणि तोंड उघडलं तर नुसता वारा. पाळकसाहेबांनी कागद माझ्या हातातून हळूच घेतला. मी रविवारी शिकवायचे त्या मुलांच्या वर्गाला आता दुसरी बाई दिली आहे. मी पाटीवर लिहून ब्यूलाशी बोलते. ती चष्मा शोधेपर्यंत माझं बोलणं शिळं होतं.

पण रेकॉर्ड लावली, त्याने ओळ टाकली, की आवाज येतो. भरून येतो. माझ्या लग्नात होता तसा. चौथी ओळ संपली की जातो.

तेहतीस झाल्या. आठ राहिल्या. शेवटचीला काय होईल ते मला कळत नाही असं समजू नकोस. मी अडाणी नाही, मॅट्रिक झालेली आहे. पण माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काही हवं आहे. ते मी अर्धं देऊन कशी उठू?

तू तुझं दार सांभाळ.

व्हर्लीन

---

शिलो बेंड,
२ जून, रविवार

व्हर्लीन,

बाई नव्हती. तेरा वर्षांची मुलगी होती. मी.

आम्ही दोघं कापसाच्या शेजारशेजारच्या ओळींत वाकायचो. तो ओळ टाकायचा, मी उचलायची. चार वर्षांची होते तेव्हापासून. मोठी माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. देवळात आमचे वडील डीकन होते, पण ओळ टाकायला ते लेम्युएलला उभं करायचे आणि त्याच्यामागे पहिला आवाज नेहमी माझा.

अडतीस सालच्या ऑगस्टात वडिलांना कळलं की तो शनिवारी नदीकाठच्या नाचाच्या घरात गिटार वाजवतो. त्यांनी त्याला मारलं नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना घरी बोलावलं आणि ठरवलं की रविवारी त्याला ओळ टाकू द्यायची आणि कुणी उचलायची नाही. मला सांगितलं, तू तोंड उघडलंस तर तोही गेला आणि तूही गेलीस.

तो उभा राहिला. सतरा वर्षांचा. ओळ टाकली. दोनशे माणसं बसली होती आणि पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा टाकली. मग त्याला समजलं, आणि तिसऱ्यांदा टाकली तेव्हा तो फक्त माझ्याकडे बघत होता. वडिलांनी माझं मनगट धरलं होतं. पण व्हर्लीन, तोंड कुणी धरलं नव्हतं. ओळ माझ्या जिभेवर होती. मी ती गिळली.

तो चालत बाहेर गेला, तो आजतागायत. मी त्यानंतर एकही स्तोत्र गायलेलं नाही. लोकांना वाटतं नम्रता. माझ्या घशात छत्तीस वर्षं तीच एक ओळ बसून आहे, दुसरं काही वर येत नाही.

तू रिकाम्या जागेचं लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तो एक्केचाळीस वेळा पुन्हा त्याच जागी उभा राहिला. आणि मी तुला आईच्या रुमालाची गोष्ट सांगून वेळ काढला, कारण खरं लिहायची लाज वाटली. त्या लाजेपायी तुझा आवाज गेला.

आता तुझं ऐकायचं नाही. उरलेल्या आठांना हात लावू नकोस. गुरुवारी सकाळी देऊळ झाडायची माझी पाळी असते, तेव्हा तिथे कुणी नसतं. टॉमी रूथ तिचं यंत्र आणि ती रेकॉर्ड द्यायला तयार आहे. म्हणाली, "देवळात? ओझेला, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "आजच आलंय."

आई आणखी एक सांगायची, ते मी मागे लिहिलं नव्हतं. हाकेला वेळेवर ओ दिली तर तेवढ्यावर भागतं. उशिरा दिली तर नुसता आवाज पुरत नाही, मागोमाग जावं लागतं. असेल. कोंबड्या टॉमी रूथकडे दिल्या आहेत.

त्याने तुला रिकामी जागा दिली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. जिथे तो परत येऊन झोपायचा ते घर तुझं होतं.

तुझी नणंद,
ओझेला

---

शिकागो,
२४ जून

ओझेला, माझे बाई,

तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं. म्हणजे एक दिवस उशिरा. आधी मिळालं असतं तर मी काय केलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

गुरुवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, मी मोरीत भाजी धूत होते. पानाखाली अळी निघाली आणि मी म्हटलं, "अगं बाई!" मोठ्याने. खालून ब्यूला ओरडली, "व्हर्लीन, कोण आलंय गं तुझ्याकडे?" मी ओल्या हातांनी तशीच खाली बसले.

मग रेकॉर्ड लावली. त्याने ओळ टाकली आणि ती उचलली गेली. मी नव्हते. कोवळा आवाज होता, जरा टोकदार, घाई असलेला, कुणी अडवायच्या आत म्हणून टाकावं तसा. त्या आवाजापाठोपाठ त्याने दुसरी ओळ टाकली तेव्हा लेम्युएलचा आवाज फाटला. सव्वीस वर्षांत मी तो कधी तसा ऐकला नव्हता. मी खूप रडले. तुला खरं सांगते, ते आवाज परत आल्याचं रडू नव्हतं. माझा कुठे मागमूसही राहिलेला नाही, ब्यूलाच्या रेकॉर्डवरसुद्धा नाही.

मग तुझं पत्र आलं. मी टॉमी रूथला फोन केला. तिने सांगितलं ते असं: दुपारी ती यंत्र आणायला गेली, तर देवळाचं दार उघडं, जमीन अर्धी झाडलेली, रेकॉर्ड फिरत होती. पुढच्या बाकावर तुझा चष्मा. तू नव्हतीस. नदीपर्यंत शोधलं. शेरीफला काळ्या बाईसाठी जितका वेळ असतो तितका त्याने दिला आणि म्हणाला, गेली असेल भावजयीकडे शिकागोला. सगळा गाव तेच म्हणतो. टॉमी रूथने फोनवर मलाच विचारलं, "आहे ना ती तुझ्याकडे?"

मी "हो" म्हटलं. दुसऱ्यांदा तुझ्यासाठी खोटं बोलले. खोटं आहे का, हे मात्र मला सांगता येणार नाही.

कारण तू बजावलं होतंस तरी मी उरलेल्या आठही लावल्या. माझा आवाज गेला नाही, आता त्यांना माझी गरज नाही. प्रत्येकीवर तुम्ही दोघं आहात. एक्केचाळिसावी काल उपासनेहून आल्यावर लावली. इतर सगळ्यांवर चौथी ओळ संपली की सुई उचलली जाते. हिच्यावर नाही गेली. चारही ओळी झाल्या, तू लांबवलेला शेवटचा सूर मिटला, आणि मग तुम्ही दोघंही थांबलात. रेकॉर्ड फिरते आहे, सुई तिथल्या तिथे. दोन श्वास ऐकू येतात, एक जड, एक हलका. वाट बघताय.

स्तोत्र टाकणारा कधी स्वतः "आमेन" म्हणत नाही, उचलणाराही नाही. ते बाकांवरच्या लोकांनी म्हणायचं असतं. आणि तिथे बाकावर आता मी एकटीच आहे.

मी म्हटलं की स्तोत्र पुरं होईल. पुरं झालं की लोक उठतात, टोप्या घालतात आणि आपापल्या घरी जातात. लेम्युएल जाईल, त्याचं मला काही नाही. त्याने जावं, आता त्याचं कुणाकडे काही राहिलं नाही. पण तू कोणत्या घरी जाशील? तुझ्या कोंबड्यांकडे, की त्याच्यामागे? हे मला कोण सांगणार? पाळकसाहेबांना विचारायला गेले आणि दारातून परत आले.

हे पत्र तुझ्याच पत्त्यावर टाकते आहे. टॉमी रूथ तुझी टपालपेटी रोज बघते. तू असशील तिथून दोन शब्द लिही, तुझ्या हाताने. "म्हण" एवढं लिहिलंस तरी मी म्हणेन. "नको" लिहिलंस तर मी गेल्यावरही हे यंत्र बंद करायचं नाही, असं ब्यूलाकडून वचन घेईन.

कालपासून ती फिरते आहे. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आहे आणि तोंडात रुमालाचं टोक धरलं आहे.

व्हर्लीन